मडके, गेरू आणि पपई : रुमाना हुसेन यांची कला

कला म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? आपल्या खानदेशापुरते बोलायचे तर सर्वांत आधी अजिंठा. जळगाव स्टेशनवर उतरून साठेक किलोमीटरवरच्या त्या लेण्यांकडे जाणारे देशोदेशीचे प्रवासी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्यानंतर आठवते ती गणपतीची मूर्ती, दारातली रांगोळी, दुकानातले कॅलेंडर, शाळेतला चित्रकलेचा तास. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी आपल्या हाताने काही सुंदर घडवलेले असते आणि ते पाहून आपले मन प्रसन्न होते.

पण समजा, आपण एखादे प्रदर्शन पाहायला गेलो आणि तेथे एक आरसा आडवा ठेवलेला, त्यावर फुटक्या मडक्याची खापरे मांडलेली आणि जवळ गेरूची भुकटी, एवढेच दिसले तर? आपल्यापैकी बहुतेकजण म्हणतील, यात कला ती कोणती? मडके तर कुंभाराने केले, फुटले तर ते कोणाच्याही हातून फुटते. हा प्रश्न चुकीचा नाही. उलट तो प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. अशी कामे करणाऱ्या एका चित्रकर्तीचे नाव रुमाना हुसेन. त्या १९५२ साली बंगलोरला जन्मल्या, मुंबईत राहून त्यांनी आपले सर्वांत महत्त्वाचे काम केले आणि पन्नाशी गाठण्याआधीच १९९९ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. भारतात संकल्पनात्मक कला ज्यांनी रुजवली त्यांत त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते.

वस्तू आणि कल्पना

संकल्पनात्मक कला हा शब्द जड वाटतो, पण अर्थ सोपा आहे. या कलेत हाताच्या कौशल्यापेक्षा कल्पनेला अधिक मान असतो. कलावंत एखादी रोजची वस्तू उचलतो, तिला तिच्या नेहमीच्या जागेवरून हलवतो आणि अशा ठिकाणी, अशा रीतीने मांडतो की आपण तिच्याकडे नव्याने पाहू लागतो. १९१७ साली मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी चिनी मातीचे मुतारीचे भांडे पाठवले आणि त्याला 'फाउंटन' असे नाव दिले. ते भांडे त्याने घडवले नव्हते, निवडले होते. मोठा गदारोळ झाला, पण कला म्हणजे काय याविषयीची चर्चा तेव्हापासून पहिल्यासारखी राहिली नाही. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत व युरोपात ही एक चळवळच झाली.

हे सारे परके वाटत असेल तर आपल्या कानबाईची आठवण करावी. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते. बाजारातून आणलेला नारळच तो. पण त्याला डोळे लावले, नथ घातली, साडी नेसवली, चौरंगावर बसवला की घरातली म्हातारी माणसे त्याच्यापुढे हात जोडतात, बाया रात्र जागवतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर निरोप देताना डोळ्यांत पाणी येते. नारळ तोच असतो. जागा बदलली, मांडणी बदलली, पाहणाऱ्याचे मन बदलले. श्रद्धा आणि कला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य, पण वस्तू ही नुसती वस्तू नसते, तिच्यात अर्थ भरता येतो, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागत नाही. रुमाना हुसेन यांची कला समजून घ्यायला एवढी शिदोरी पुरेशी आहे.

डिसेंबर १९९२

रुमाना हुसेन आरंभी इतर चित्रकारांसारख्याच कॅनव्हासवर तैलरंगांत चित्रे काढत. इंग्लंडमधील रेव्हन्सबोर्न कला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. १९८०च्या दशकातील त्यांच्या चित्रांत माणसांच्या आकृती असत, समाजातल्या घडामोडींची रूपके असत. सफदर हाश्मी या पथनाट्यकाराच्या हत्येनंतर १९८९ साली 'सहमत' ही कलावंतांची संस्था स्थापन झाली. तिच्या उपक्रमांतही त्या सहभागी होत्या.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ज्या दंगली झाल्या त्यांत ९०० माणसे मारली गेल्याचे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले आहे. मरणाऱ्यांत दोन्ही समाजांची माणसे होती, मुसलमानांची संख्या अधिक होती. या काळात रुमाना हुसेन यांच्या कुटुंबाला काही दिवस आपले घर सोडून दुसरीकडे राहावे लागले. सुशिक्षित, सुखवस्तू घर, शहराच्या चांगल्या वस्तीत राहणारे. त्या दिवसांत त्यांपैकी कशाचाही उपयोग नव्हता. आडनाव तेवढे पुरेसे होते.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. १९७० साली भिवंडीपाठोपाठ जळगावात दंगल झाली होती आणि न्यायमूर्ती मादोन आयोगाने तिची चौकशी केली होती. धुळ्याने २००८ व २०१३ अशा दोन दंगली पाहिल्या. संचारबंदीत बंद दाराआड बसलेली घरे दोन्ही शहरांत, दोन्ही समाजांत आहेत.

या घटनेनंतर रुमाना हुसेन यांची कला बदलली. रंगाचा कुंचला बाजूला पडला आणि त्यांनी हाती घेतल्या घरातल्या वस्तू : मातीची मडकी, आरसे, गेरू, नीळ. १९९४ साली मुंबईत भरलेल्या 'फ्रॅग्मेंट्स/मल्टिपल्स' या त्यांच्या प्रदर्शनात ही कामे लोकांनी पाहिली. नावाचा अर्थ साधारणपणे 'तुकडे आणि अनेकपण' असा घ्यावा.

आता मडक्याकडे नीट पाहू या. गोल मडक्याचे दोन अर्धे केले आणि एक अर्धे पालथे घातले तर तो घुमट दिसतो. तेच उताणे ठेवले तर पोट दिसते, बाईची कूस दिसते. म्हणजे एकाच फुटक्या मडक्यात पाडलेली वास्तू आहे आणि दुखावलेले शरीरही आहे. खाली आरसा असल्यामुळे अर्ध्या मडक्याचे प्रतिबिंब पडते आणि क्षणभर ते पुन्हा सबंध झाल्यासारखे वाटते. पण हात लावायला जावे तर तेथे काचेखेरीज काही नाही. पाहणारा वाकून बघू लागला की त्याच आरशात, खापरांच्या मध्ये, त्याचा स्वतःचाही चेहरा येतो.

मी या कामाचे छायाचित्र माझ्या आईला दाखवले. ती शाळेत गेलेली नाही आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. तिने बराच वेळ बघितले आणि विचारले, "हाई मडकं कोनी फोडं?" कला आहे की नाही, सुंदर आहे की नाही, हे तिने विचारले नाही. कोणी फोडले, हे विचारले. मला वाटते, कलावंताला आपल्याकडून नेमका हाच प्रश्न हवा असावा.

पपईची फोड

१९९५ साली मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या आवारात रुमाना हुसेन यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' म्हणजे 'कडेला जगताना' या नावाचा एक प्रयोग केला. हे नाटक नव्हते. संवाद नव्हते, कथा नव्हती. पायांत घुंगरू बांधून, हातात मधोमध चिरलेली पपई धरून त्या सावकाश चालत राहिल्या. तोंड वासलेले, जणू किंकाळी फोडत आहेत, पण त्यातून आवाज नाही. आवाज फक्त घुंगरांचा. भारतातील स्त्री कलावंताने आपल्या शरीरालाच कलेचे माध्यम केल्याच्या पहिल्या काही उदाहरणांत या प्रयोगाची गणना होते.

पपई आपल्याला नवी नाही. शहादा, चोपडा, यावल भागात तिचे मळे आहेत, ट्रक भरभरून माल बाहेर जातो. पण पपई उभी चिरून तिच्या आतल्या लालसर पोकळीकडे आणि काळ्या बियांकडे आपण कधी थांबून पाहतो का? तो आकार गर्भाशयासारखा आहे हे एकदा ध्यानात आले की विसरता येत नाही. गरोदर बाईने पपई खाऊ नये असे आपल्याकडे घरोघर सांगतात, म्हणजे या फळाचा आणि बाईच्या कुशीचा संबंध आपल्या बोलण्यातही आधीपासून आहेच. दंगलीत, युद्धात, फाळणीत बाईच्या शरीरावर जे घाव झाले त्यांची आठवण ही उघडी फोड करून देते. बाई बोलू गेली तर आवाज निघत नाही, नाचवली तर घुंगरू वाजतात, हा या प्रयोगाचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. दुसऱ्या कोणाला वेगळा अर्थ लागेल. अशा कलेत त्याला मोकळीक असते.

घर कोणाचे?

१९९६ साली त्यांनी 'होम/नेशन' हे मांडणशिल्प केले. मांडणशिल्प म्हणजे एखाद्या खोलीत अनेक वस्तू, छायाचित्रे, कापड वगैरे अशा प्रकारे मांडणे की प्रेक्षकाने त्यांच्यामधून फिरावे. या कामात घरातल्या वस्तू होत्या आणि अयोध्येत घेतलेली छायाचित्रेही होती. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला देश. ज्या बाईने घर सांभाळायचे, तिला देशात आपले घर आहे असे निर्धास्तपणे म्हणता येते का, असा त्याचा रोख होता.

१९९७ सालच्या 'बेगम हजरत महल यांची कबर' या कामात त्या इतिहासाकडे वळल्या. अवधच्या बेगम हजरत महल यांनी १८५७-५८च्या उठावात कंपनी सरकारशी लढा दिला, पराभवानंतर नेपाळात आश्रय घेतला आणि १८७९ साली काठमांडू येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. झाशीच्या राणीचे नाव आपण पहिलीपासून ऐकतो. त्याच उठावात लढलेल्या या दुसऱ्या स्त्रीचे नाव किती जणांना ठाऊक असते? रुमाना हुसेन यांनी तिच्यासाठी मुंबईत कबर मांडली, पण संगमरवराची नव्हे. तेथेही पपईच्या चिरलेल्या फोडी होत्या. दगडाची स्मारके राजे बांधतात. नासणाऱ्या, वाळणाऱ्या, रोजच्या फळाचे स्मारक ही बाईने बाईसाठी केलेली गोष्ट आहे.

तुम्हाला वाटते तेच का?

१९९८ सालच्या त्यांच्या एका प्रयोगाचे नावच प्रश्नाच्या रूपात आहे : 'इज इट व्हॉट यू थिंक?' त्या प्रेक्षकांसमोर बसतात आणि एका मुस्लिम स्त्रीविषयी प्रश्नांमागून प्रश्न वाचत जातात. तिचा पेहराव, तिची श्रद्धा, तिचे घर, तिचे मत, यांविषयी लोक मनातल्या मनात जे गृहीत धरतात तेच प्रश्न होऊन बाहेर येते. उत्तर एकाचेही नाही. या वेळेपर्यंत त्यांना स्तनाचा कर्करोग झालेला होता, आणि शस्त्रक्रियेनंतर वापरावा लागणारा कृत्रिम अवयव त्यांनी या प्रयोगात लपवला नाही.

माझ्या मते त्यांच्या सर्व कामाचे मर्म येथे आहे. त्यांना कोणी मुसलमान म्हणून पाही, कोणी बाई म्हणून, कोणी आजारी म्हणून, कोणी इंग्रजी शिकलेली श्रीमंत म्हणून. यांपैकी एकच ओळख निवडून बाकीच्या टाकून द्याव्या असे त्यांनी केले नाही. परक्यांनी लावलेला शिक्का त्यांनी नाकारला, तसेच आपल्या समाजाने बाईसाठी ठरवलेली चौकटही मुकाट्याने स्वीकारली नाही. समतेची चर्चा आपण बहुधा एकेका कप्प्यात करतो : स्त्रीपुरुष समता वेगळी, धर्माधर्मांतली वेगळी, जातीची वेगळी. पण माणूस कप्प्यांत जगत नाही. दंगलीच्या रात्री दार लावून बसलेली बाई एकाच वेळी बाईही असते आणि कोणत्यातरी धर्माचीही असते.

त्याच वर्षी त्या न्यूयॉर्कला राहून काम करून आल्या. १९९९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे भरलेल्या तिसऱ्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनासाठी त्यांनी 'अ स्पेस फॉर हीलिंग' हे दालन तयार केले. ते दवाखान्यासारखे आहे, प्रार्थनास्थळासारखेही आहे. जमिनीवर स्ट्रेचर आहेत आणि भिंतींवर लोखंडी हत्यारे-अवजारे अशी लावली आहेत की दुरून उर्दू अक्षरांच्या ओळी वाटाव्यात. मारणारे हत्यार आणि लिहिलेली प्रार्थना यांत किती थोडे अंतर असते! रुमाना हुसेन त्याच वर्षी गेल्या. ते दालन ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की हे तर कोणीही करील. मडके फोडणे खरोखर कोणालाही जमेल. पण मडके फोडून त्यात घुमट आणि कूस एकदम दाखवणे त्यांच्याआधी कोणाला सुचले होते? सुचल्यानंतर सोपे वाटणे हा काही दोष नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही कला मुंबईच्या वातानुकूलित दालनांत भरते, तिची नावे इंग्रजी, तिच्यावरचे लेखन इंग्रजी. आपल्या गावातल्या बाईपर्यंत ती पोहोचतच नाही, मग तिच्या नावाने बोलण्याचा तिला काय अधिकार? यात तथ्य आहे. आपल्याकडे कलादालने नाहीत, मराठीत या विषयावर लेखन तुरळक आहे. परंतु रुमाना हुसेन यांनी वापरलेले साहित्य पाहा. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू, पांढऱ्या कपड्यांना घालतो ती नीळ, पाण्याचे मडके. दालने शहरातली असली तरी वस्तू आपल्या घरच्या आहेत. भाषेची अडचण आहे, पण ती दूर करणे हे आमच्यासारख्या शिकणाऱ्यांचे काम आहे.

त्या एकट्याही नव्हत्या. नलिनी मलानी, निलिमा शेख, अर्पिता सिंग आणि माधवी पारेख या चौघींनी १९८७ ते १९८९ या काळात 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे स्त्री चित्रकारांचे प्रदर्शन गावोगावी नेले होते. मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते विणून, ती स्वतः अंगावर घालून छायाचित्रे काढली. ते चिलखत अंगाचे रक्षण करते आणि पिंजऱ्यासारखे कोंडूनही ठेवते. २०१९ साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात रुमाना हुसेन आणि शकुंतला कुलकर्णी या दोघींचीही कामे मांडली होती.

आपला काय संबंध?

रुमाना हुसेन जन्मल्या त्या १९५२ सालीच 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी त्याआधीच, डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या होत्या. त्यांना लिहिता येत नव्हते. जाते, चूल, शेत, पाखरू यांतूनच त्यांनी जीवनाचा विचार केला. आज आपले विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. दोघींत तुलना करण्याचा हेतू नाही. एक निरक्षर शेतकरीण, दुसरी इंग्लंडमध्ये शिकलेली. परंतु घरातली वस्तू हे विचाराचे साधन होऊ शकते, ही गोष्ट दोघींच्या कामात दिसते.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात. वीस वर्षे ज्या नावाने हाक आली ते पुसले जाते आणि सर्वजण टाळ्या वाजवतात. मग दारावरच्या पाटीवर, सातबाऱ्यावर बहुधा तेही नवे नाव नसते. माझ्याबरोबर दहावीला असलेल्या काही मुलींची नावे अशीच बदलली आहेत. जुन्या नावाने हाक मारली तर त्या दचकतात. ही प्रथा चांगली की वाईट हे ठरवणे ज्याचे त्याने करावे. पण ते तांदळाचे ताट पाहताना, हे नाव कोणी पुसले आणि कोणाला विचारून, एवढा प्रश्न तरी मनात यायला हरकत नाही.

रुमाना हुसेन यांच्या कलेने मला हा प्रश्न विचारायला शिकवले. कोणी उत्तर देईलच असे नाही. त्यांनाही त्यांच्या हयातीत सगळी उत्तरे मिळाली नाहीत. पण पुढच्या वेळी मुंबईला जाणे झाले तर गेटवे आणि राणीची बाग यांबरोबर एखाद्या कलादालनातही जरूर डोकवावे. तेथे जमिनीवर मडके दिसले तर ओलांडून पुढे जाऊ नये. थोडे वाकून पाहावे.

— द्वितीय वर्ष कला